बहुमत मोजायचं कुठे, आणि कधी?

२०१९च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा २०२२च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या प्रत्येक वृत्तवाहिनीवर ‘बोम्मई खटल्या’चा हवाला दिला जात होता. बहुमत राजभवनात ठरत नाही, सभागृहात ठरतं, एवढं त्यातून सगळ्यांच्या कानावर पडलं. हे खरं आहे, पण अर्धं आहे. बहुमत कुठे मोजायचं, हे त्या खटल्याने ठरवलं. कधी मोजायचं, हे तेव्हा पुरतं ठरलं नाही आणि आजही ठरलेलं नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कर्नाटकात आणि महाराष्ट्रात जी सरकारं पडली किंवा वाचली, त्यांतल्या बऱ्याचशांचा निकाल या ‘कधी’नेच लावला. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी १९८९च्या एप्रिल महिन्यातले पाच दिवस पाहायला हवेत.

सोमप्पा रायप्पा बोम्मई हे धारवाड मुलखातले. शिग्गाव तालुक्यातलं कारडगी हे त्यांचं गाव. तेव्हा ते धारवाड जिल्ह्यात होतं, १९९७ साली जिल्ह्याचं विभाजन झालं तेव्हा हावेरीत गेलं. वकिली हुबळीत, आमदारकी हुबळी ग्रामीणची. विचारांनी ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पठडीतले, म्हणजे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि न्यायमूर्ती तारकुंडे ज्या परंपरेतले त्याच. १९८५च्या निवडणुकीत रामकृष्ण हेगडे यांच्या नेतृत्वाखाली जनता पक्षाने २२४ पैकी १३९ जागा जिंकल्या होत्या. फोन टॅपिंगच्या प्रकरणात हेगडे यांनी ऑगस्ट १९८८मध्ये राजीनामा दिला आणि १३ ऑगस्टला बोम्मई मुख्यमंत्री झाले. थोड्याच दिवसांत जनता पक्ष आणि लोकदल यांचं विलीनीकरण होऊन जनता दल झालं. दोन पक्ष एक झाले की नाराजांचीही बेरीज होते. ती झालीच होती.

१५ एप्रिल १९८९ रोजी बोम्मईंनी १३ जणांना घेऊन मंत्रिमंडळाचा विस्तार केला. विस्तारात मंत्रिपद मिळालेल्यांपेक्षा न मिळालेल्यांची संख्या नेहमीच जास्त असते. १७ तारखेला के. आर. मोलकेरी या आमदाराने जनता दल सोडलं. १८ तारखेला ते राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांच्याकडे पत्रांचा गठ्ठा घेऊन गेले. त्यात १९ पत्रं होती: १७ जनता दलाच्या आमदारांची, एक सहयोगी अपक्षाचं आणि एक सरकारला पाठिंबा देणाऱ्या भाजपच्या आमदाराचं. सगळ्यांत मजकूर एकच, आम्ही पाठिंबा काढून घेत आहोत.

राज्यपालांनी विधिमंडळाच्या सचिवांना बोलावून सह्या पडताळून घेतल्या. ज्यांच्या सह्या होत्या त्यांना बोलावलं नाही, मुख्यमंत्र्यांनाही विचारलं नाही. १९ तारखेला राष्ट्रपतींकडे अहवाल गेला: मुख्यमंत्र्यांनी बहुमत गमावलं आहे, दुसरा कोणताही पक्ष सरकार बनवण्याच्या स्थितीत नाही, सबब राष्ट्रपती राजवट लावावी.

२० तारखेला चित्र पालटलं. १९ पैकी सात आमदारांनी राज्यपालांना कळवलं की आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या, आमचा पाठिंबा सरकारलाच आहे. त्याच दिवशी मंत्रिमंडळाने ठरवलं, २७ एप्रिलला विधानसभेचं अधिवेशन बोलवायचं. मुख्यमंत्री आणि कायदामंत्री राज्यपालांना भेटून हे सांगून आले. हवं तर त्याआधीचीही तारीख ठरवू, असंही म्हणाले. राज्यपालांनी त्याच दिवशी दुसरा अहवाल धाडला. सातजण फिरले ते दबावामुळे, आमदारांची ओढाओढ सुरू आहे, वातावरण बिघडत चाललं आहे, म्हणून शिफारस तीच. २१ एप्रिलला राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरमण यांच्या सहीने उद्घोषणा निघाली. सरकार बरखास्त, विधानसभाही विसर्जित. सभागृहात मोजणी व्हायला उरले होते सहा दिवस.

एका बाजूला १९ सह्या, दुसऱ्या बाजूला त्यांतल्याच सात सह्यांनी घेतलेली माघार, आणि मध्ये जेमतेम दोन दिवस. आमदाराची सही ही त्या दिवसापुरती, त्या खोलीपुरती आणि समोर बसलेल्या माणसापुरती असते. सभागृहातलं मत मात्र उघड असतं, नोंदलं जातं आणि त्याची किंमत मोजावी लागते. पुढचा सगळा खटला या फरकाभोवती फिरला.

हे सगळं झालं ते संविधानाच्या ३५६व्या अनुच्छेदाखाली. त्याची यंत्रणा अशी. राज्याचा कारभार संविधानाप्रमाणे चालू शकत नाही, असं राष्ट्रपतींना राज्यपालांच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने पटलं, तर ते उद्घोषणा काढून राज्याचा कारभार आपल्याकडे घेऊ शकतात. राष्ट्रपतींना पटलं याचा व्यवहारातला अर्थ केंद्रीय मंत्रिमंडळाला पटलं. उद्घोषणा दोन महिने टिकते. त्याच्या आत लोकसभा आणि राज्यसभा दोहोंची मंजुरी मिळाली तर सहा महिने चालते. पुढे सहा-सहा महिन्यांनी वाढवत जास्तीत जास्त तीन वर्षं. पण एका वर्षापलीकडे जायचं तर देशात किंवा त्या राज्यात आणीबाणी लागू असावी लागते आणि निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाला प्रमाणित करावं लागतं. ही वर्षाची अट जनता राजवटीतल्या ४४व्या घटनादुरुस्तीने घातली.

या तरतुदीचा वडील म्हणजे इंग्रजांच्या १९३५च्या कायद्यातलं ९३वं कलम. घटना समितीत तिच्यावर टीका झाली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी गैरवापराची शक्यता नाकारली नाही. ही कलमं वापरात येणारच नाहीत, कागदावरच राहतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. पुढे दोन्ही बाजूंनी त्या आशेचं काय केलं ते पाहा. १९७७ साली जनता पक्षाच्या केंद्र सरकारने नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारं घरी पाठवली. १९८० साली परतलेल्या काँग्रेसने नऊ राज्यांत तेच केलं. त्या नऊंत महाराष्ट्र होता. शरद पवारांचं पुलोद सरकार १७ फेब्रुवारी १९८० रोजी गेलं ते असंच.

म्हणून बोम्मईंनी कोर्टात जाणं ही त्या काळी भाबडी गोष्ट वाटली असणार. आठवड्याच्या आत, २६ एप्रिलला, त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात याचिका केली. तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठाने ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात ती नागालँड (१९८८) आणि मेघालय (१९९१) इथल्या बरखास्त्यांच्या प्रकरणांबरोबर जोडली गेली, आणि बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर १९९२मध्ये बरखास्त केलेल्या मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशच्या भाजप सरकारांची प्रकरणंही त्यात आली. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ११ मार्च १९९४ रोजी निकाल दिला. नऊ न्यायाधीश, सहा निकालपत्रं; वाचताना डोकं गरगरतं. त्यातलं एक महत्त्वाचं निकालपत्र लिहिलं ते न्यायमूर्ती परशुराम बाबाराम सावंत यांनी, स्वतःसाठी आणि न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्यासाठी. महाराष्ट्रातल्या मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगामुळे पुढे मराठी वाचकांना जे सावंत ठाऊक झाले, तेच हे.

निकालाचा गाभा असा. मंत्रिमंडळाला बहुमत आहे की नाही, हा कुणाच्या खासगी मताचा प्रश्न नाही, मग ती व्यक्ती राज्यपाल असो वा राष्ट्रपती. ते सभागृहात सिद्ध करून दाखवता येतं, म्हणून तिथेच दाखवायचं. राज्यपालांच्या एका समितीने १९७१ सालीच आणि सरकारिया आयोगाने १९८८ साली हेच सुचवलं होतं. आता तो कायदा झाला. दुसरं, राष्ट्रपतींच्या उद्घोषणेची न्यायालयीन तपासणी होऊ शकते. मंत्रिमंडळाने काय सल्ला दिला हे कोर्ट विचारणार नाही, पण तो कोणत्या आधारावर दिला ते कागद मागवून पाहील. तिसरं, संसदेची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही, फक्त स्थगित ठेवता येईल. चौथं, उद्घोषणा बेकायदा ठरली तर संसदेने मंजूर केलेली असली तरी जुनं सरकार आणि जुनी विधानसभा कोर्ट परत बसवू शकतं. कर्नाटक, नागालँड आणि मेघालयातल्या बरखास्त्या घटनाबाह्य ठरल्या. डिसेंबर १९९२च्या तिन्ही मात्र वैध ठरल्या. धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूळ चौकटीचा भाग आहे, या मुद्द्यावर.

तिसरा मुद्दा कोरडा दिसतो, पण सगळ्यांत जास्त काम त्यानेच केलं. १९९४पर्यंत विधानसभा एका फटक्यात विसर्जित करता यायची, त्यामुळे संसद ‘नाही’ म्हणाली असती तरी परतायला घर उरत नव्हतं. आता उरतं. फेब्रुवारी १९९९मध्ये बिहारचं राबडीदेवी सरकार बरखास्त झालं, राज्यसभेत मंजुरीचं गणित जमेना, आणि ८ मार्चला केंद्राला उद्घोषणा मागे घ्यावी लागली. राबडीदेवी परत मुख्यमंत्री झाल्या. त्याआधी १९९७ आणि १९९८ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेश आणि बिहारविषयीच्या शिफारशी फेरविचारासाठी परत पाठवल्या होत्या. माझ्या मते बोम्मई निकालाचं खरं यश कोर्टात दिसण्यापेक्षा अशा न झालेल्या बरखास्त्यांत दिसतं.

बोम्मईंना स्वतःला काय मिळालं? पद नाही. निकाल लागेपर्यंत जवळजवळ पाच वर्षं उलटली होती. नोव्हेंबर १९८९च्या निवडणुकीत काँग्रेसने १७८ जागा जिंकल्या आणि वीरेंद्र पाटील मुख्यमंत्री झाले. (एवढ्या प्रचंड बहुमताच्या त्या विधानसभेनेही पाच वर्षांत वीरेंद्र पाटील, बंगारप्पा आणि वीरप्पा मोईली असे तीन मुख्यमंत्री पाहिले, आणि मध्ये ऑक्टोबर १९९०मध्ये आठवडाभराची राष्ट्रपती राजवट. स्थैर्य नुसत्या आकड्यात नसतं.) बोम्मई पुढे १९९६ ते १९९८ केंद्रात मनुष्यबळ विकासमंत्री होते.

आता सभागृहातली मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. अधिवेशन बोलावतात राज्यपाल, पण एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. मंत्रिमंडळ बहुमत हरवून बसलं आहे असं मानायला ठोस कारण असेल आणि ते सभागृहाला सामोरं जायचं टाळत असेल, तर राज्यपाल स्वतःहून तसं सांगू शकतात. मुख्यमंत्री विश्वासदर्शक ठराव मांडतात, चर्चा होते, मग मतदान. आवाजी मतदानावर भागलं नाही तर सदस्यांना उभं करून शिरगणती किंवा मतविभाजन. अध्यक्ष सहसा मत देत नाहीत. समसमान मतं पडली तरच त्यांचं निर्णायक मत.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि अनेक सरकारांचा जीव तिच्यात अडकलेला असतो. बहुमत म्हणजे एकूण जागांच्या निम्म्याहून अधिक, असं संविधान म्हणत नाही. १८९वा अनुच्छेद म्हणतो, हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत. कर्नाटकात २२४ जागा आहेत, म्हणून सगळे ११३चा आकडा घोकतात. पण गैरहजेरी वाढली की हा आकडा खाली येतो. तेव्हा सरकार पाडायचं असेल तर आपली मतं वाढवणं हा एक मार्ग, आणि समोरच्याची हजेरी कमी करणं हा दुसरा.

पहिला मार्ग १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने अवघड केला. पक्षादेश मोडून मत दिलं तर ते मत मोजलं जातं, पण आमदारकी जाऊ शकते. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ‘फूट’ म्हणून सूट होती; २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती काढली. मग दुसरा मार्ग रुंद झाला: मतच द्यायचं नाही, राजीनामा द्यायचा आणि नव्या चिन्हावर पोटनिवडणूक लढवायची. कर्नाटकात २००८ साली भाजपला ११० जागा मिळाल्या, तीन कमी. त्यानंतर विरोधी आमदारांनी राजीनामे देऊन कमळावर लढण्याचं सत्र सुरू झालं. ‘ऑपरेशन कमळ’ हे नाव तिथून देशभर गेलं.

एक बाजू हजेरी कमी करते, तशी दुसरीही करू शकते, अध्यक्षांच्या हातून. ऑक्टोबर २०१०मध्ये भाजपचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्याविरुद्ध त्यांच्याच पक्षातले काही आमदार उभे राहिले. विश्वासमताच्या तोंडावर अध्यक्ष के. जी. बोपय्या यांनी भाजपचे ११ आणि अपक्ष ५, असे १६ आमदार अपात्र ठरवले. ११ ऑक्टोबरला गोंधळात आवाजी मतदान झालं. राज्यपाल हंसराज भारद्वाज यांना ते पटलं नाही. १४ तारखेला पुन्हा मोजणी झाली आणि सरकार १०६ विरुद्ध १०० असं तरलं. सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता रद्द केली ती मे २०११मध्ये. त्या खटल्याच्या शीर्षकात नाव आहे बेळगाव जिल्ह्यातल्या बालचंद्र जारकीहोळी यांचं. १६ मतं वगळून वाचलेलं सरकार तोवर सात महिने चाललं होतं.

इथून ‘कधी’ची गोष्ट सुरू होते. तिचा नियम सोपा आहे: ज्याच्याकडे मतं कमी, त्याला दिवस जास्त हवे असतात.

मे २०१८. कर्नाटकात २२२ जागांचं मतदान झालं. भाजप १०४, काँग्रेस ७८, जनता दल (धर्मनिरपेक्ष) ३७. जनता दलाचे कुमारस्वामी दोन जागांवर निवडून आलेले, म्हणजे प्रत्यक्ष सदस्य २२१ आणि बहुमताला १११. काँग्रेस आणि जनता दल निकालानंतर एकत्र आले. तरी राज्यपाल वजुभाई वाला यांनी सर्वांत मोठा पक्ष म्हणून येडियुरप्पांना बोलावलं आणि बहुमत सिद्ध करायला १५ दिवस दिले. सात मतं शोधायला पंधरा दिवस पुष्कळ झाले. सर्वोच्च न्यायालयाने १६ मेच्या मध्यरात्रीनंतर सुनावणी घेतली. १७ तारखेचा शपथविधी थांबवला नाही, पण १८ला आदेश दिला की दुसऱ्याच दिवशी चार वाजता मोजणी करा. १९ मेला येडियुरप्पांनी मतदानाआधीच राजीनामा दिला. कोर्टाने कुणाला बहुमत आहे यावर अवाक्षर काढलं नाही, फक्त दिवस कमी केले. तेवढ्याने सगळं झालं.

पुढच्याच वर्षी भूमिका उलटल्या. येडियुरप्पांनंतर मुख्यमंत्री झालेल्या कुमारस्वामींच्या आघाडीतल्या आमदारांनी जुलै २०१९मध्ये राजीनामे दिले आणि त्यांतले बरेचसे मुंबईच्या हॉटेलात जाऊन बसले. आता आघाडीला दिवस हवे होते. राजीनामा स्वेच्छेने आणि खरा आहे याची खात्री करण्याचा अधिकार अध्यक्षांना १९७४च्या घटनादुरुस्तीपासून आहे. अध्यक्ष रमेश कुमार यांनी ती खात्री सावकाश करायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला अंतरिम आदेशात अध्यक्षांचा अधिकार मान्य केला, पण १५ बंडखोर आमदारांवर हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही असंही सांगितलं. १८ जुलैला ठराव मांडला गेला आणि मग भाषणं, भाषणं, भाषणं. राज्यपालांनी दोनदा वेळ ठरवून दिली, आधी दुपारी दीड, मग संध्याकाळी सहा. दोन्ही वेळा टळून गेल्या. मतदान झालं २३ तारखेला: ९९ विरुद्ध १०५. भाजपचे आमदार होते १०५. भरल्या सभागृहात तेवढ्यावर सरकार पडलं नसतं. पण मतं पडली २०४ आणि त्यांचं बहुमत १०३.

अध्यक्षांनी त्यानंतर १७ जणांना अपात्र ठरवलं, तेही २०२३पर्यंत निवडणूक लढवता येणार नाही अशा अटीसह. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी अपात्रता कायम ठेवली आणि अट काढून टाकली. हा खटला ओळखला जातो तो कागवाडच्या श्रीमंत बाळासाहेब पाटील यांच्या नावाने. ५ डिसेंबरला १५ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या, भाजपने १२ जिंकल्या, त्यात कागवाडही होतं. अपात्र ठरलेला आमदार काही महिन्यांत पुन्हा आमदार होतो, तेव्हा त्या शिक्षेला शिक्षा म्हणायचं का, हे वाचकांनीच ठरवावं.

याच मोजणीतून आलेल्या सत्तेत जुलै २०२१मध्ये मुख्यमंत्री झाले ते बसवराज बोम्मई, सोमप्पांचे चिरंजीव. १९९४मध्ये हुबळी ग्रामीणमध्ये त्यांना हरवलं होतं भाजपच्या जगदीश शेट्टर यांनी, आणि शेट्टर २०१२ साली मुख्यमंत्री झाले होते. बहुमताच्या आकड्यांशी हुबळीचं असं पिढीजात नातं आहे. शहराच्या पातळीवरही ते सुटत नाही. हुबळी-धारवाड महापालिकेची निवडणूक सप्टेंबर २०२१मध्ये झाली. ८२ पैकी भाजप ३९, काँग्रेस ३३. निम्म्यापुढे कुणीच नाही. महापौर निवडताना आमदार-खासदारांचीही मतं धरली जातात, त्यामुळे निकाल काय लागणार हे दिसत होतं. तरी महापौर मिळायला २०२२चा मे महिना उजाडला. निवडून आलेल्या नगरसेवकांना आठ महिने सभागृहच नव्हतं.

महाराष्ट्रातली हकिकत वाचकांना पाठ आहे, म्हणून मुद्द्यापुरतीच. २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: उद्या पाचपर्यंत मोजणी, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण. त्याच दिवशी राजीनामा आला. गोव्यातही मार्च २०१७मध्ये असंच झालं होतं. काँग्रेस १७ जागांसह मोठा पक्ष, शपथ १३ जागांच्या भाजपच्या मनोहर पर्रीकरांची. कोर्टाने लगेच मोजणी ठरवून दिली आणि पर्रीकरांनी ती २२ विरुद्ध १६ अशी जिंकली. मोजणी लवकर झाली की नेहमी एकाच बाजूचा फायदा होतो, असं नाही.

२०२२चं प्रकरण मात्र सगळ्यांत बोलकं आहे. १९८९ साली राज्यपालांचं चुकलं ते सभागृह भरू दिलं नाही यात. २८ जून २०२२ रोजी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी सभागृहच बोलावलं, ३० तारखेला बहुमत सिद्ध करा म्हणून. बोम्मई निकालाचा शब्द पाळल्यासारखं दिसतं. पण ११ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने म्हटलं की मोजणी बोलावण्याइतका ठोस आधार राज्यपालांपुढे नव्हता. पक्षांतर्गत नाराजीची पत्रं म्हणजे सरकारवरचा अविश्वास नव्हे. जे औषध बोम्मईंना नाकारलं गेलं, ते इथे गरज सिद्ध होण्याआधीच पाजलं गेलं. तरीही उद्धव ठाकरे यांचं सरकार परत बसवता आलं नाही, कारण २९ जूनच्या रात्री त्यांनी मोजणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. पाडलेलं सरकार कोर्ट उभं करू शकतं. स्वतः उतरलेल्या मुख्यमंत्र्याला परत चढवू शकत नाही. २९ तारखेला कोर्टाने स्थगिती नाकारल्यानंतर राजीनामा देणं राजकारणात समजण्यासारखं होतं, कायद्यात मात्र ते महागात पडलं.

परत बसवल्याची उदाहरणं आहेत. उत्तराखंडात मार्च २०१६मध्ये हरीश रावत यांचं सरकार विश्वासमताच्या आदल्या दिवशी गेलं. उच्च न्यायालयाने राष्ट्रपती राजवट रद्द केली ती २१ एप्रिलला, म्हणजे बोम्मईंच्या बरखास्तीला बरोबर २७ वर्षं झाली त्या दिवशी. १० मेला सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली मोजणी झाली आणि रावत जिंकले. त्याच वर्षी जुलैत अरुणाचलात नबाम तुकी यांचं सरकार कोर्टाने परत आणलं. ते चार दिवसही टिकलं नाही, हा भाग वेगळा. शेजारी पाकिस्तानात एप्रिल २०२२मध्ये अविश्वास ठराव उपसभापतींनी फेटाळला आणि पाठोपाठ नॅशनल असेंब्ली विसर्जित झाली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार दिवसांत दोन्ही रद्द केलं, आणि इम्रान खान मतदानात हरले. या सगळ्यांत समान गोष्ट एकच: कोर्ट पाच वर्षांत नव्हे, दिवसांत किंवा आठवड्यांत बोललं.

सभागृहात मोजा, या नियमाला बोम्मई निकालातच एक अपवाद ठेवला आहे. राज्यात सर्वदूर हिंसाचार असेल आणि आमदारांना मोकळेपणाने मतदान करणं शक्यच नसेल, तर राज्यपाल मोजणीशिवाय निष्कर्ष काढू शकतात. मणिपुरात ३ मे २०२३पासून हिंसाचार सुरू होता, तरी सरकार जवळपास दोन वर्षं चालू राहिलं. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री बिरेन सिंह यांनी राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचं अधिवेशन रद्द झालं, आणि १३ तारखेला राष्ट्रपती राजवट आली. अविश्वासाची मोजणी तोंडावर असताना, आणि हिंसा सुरू झाल्यावर एकवीस महिन्यांनी. विधानसभा मात्र विसर्जित केली गेली नाही, स्थगित ठेवली गेली. हुबळीच्या वकिलाच्या खटल्यातला तो कोरडा तिसरा मुद्दा इंफाळमध्ये असा लागू झाला.

राज्यपालांच्या वेळेवर कोर्टाने आता बरीचशी पकड बसवली आहे. सुटून राहते ती अध्यक्षांची वेळ. महाराष्ट्रातल्या अपात्रतेच्या याचिका जून २०२२पासूनच्या. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून, मग वाढवून दिल्यावर. शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरली आणि दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र झालं नाही. विधानसभेची मुदत त्याच वर्षी संपली. मणिपुरातल्याच एका प्रकरणात, जानेवारी २०२०मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अध्यक्षांनी असे अर्ज एरवी तीन महिन्यांत निकाली काढावेत, आणि हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात अध्यक्षांसाठी कसलीच मुदत लिहिलेली नाही.